टॉवरवरची मक्तेदारी

कोणत्याही दुकानातून कोणत्याही कंपनीचा मोबाइल घ्या, त्यात हव्या त्या कंपनीचे सिम घाला, फोन लागतो. फोन कोरियन कंपनीचा, टॉवरवरची यंत्रे स्वीडिश कंपनीची आणि सिम भारतीय कंपनीचे, तरी अडत नाही. आपल्याला याचे नवल वाटत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे. पण हे आपोआप घडलेले नाही. फोन आणि टॉवर यांनी हवेतून एकमेकांशी कोणत्या पद्धतीने बोलायचे याचे नियम युरोपातल्या अभियंत्यांनी १९८०च्या दशकात जीएसएम तंत्रासाठी एकत्र बसून ठरवले आणि ते सर्वांसाठी खुले ठेवले. त्यामुळे फोन बनवणाऱ्या कितीतरी कंपन्यांना बाजारात उतरता आले आणि स्पर्धेने किमती खाली आल्या. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला तेव्हाचे केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावून भारतातल्या मोबाइल सेवेची सुरुवात केली, तेव्हा हातातला फोन ही मोजक्या श्रीमंतांची चैन होती. तो शेतमजुराच्या आणि रिक्षावाल्याच्या खिशात पोचला, यात त्या खुल्या नियमांचा वाटा मोठा आहे. मात्र हा खुलेपणा टॉवरपाशी येऊन थांबला. टॉवरवरच्या यंत्रांचा एकमेकांशी होणारा व्यवहार गेली तीस वर्षे बहुतेक ठिकाणी एकेका कंपनीच्या मुठीत राहिला आहे. ही मूठ सोडवण्याचा जो प्रयत्न जगभर चालला आहे, त्याचे नाव ओपन रॅन.

टॉवरवर असते काय, हे आधी पाहू. उंचावर उभट पेट्यांसारखे दिसतात ते अँटेना. त्यांच्यामागे किंवा त्यांच्या पोटातच रेडिओ युनिट असते. फोनकडून आलेल्या लहरी पकडून त्यांचे आकड्यांत रूपांतर करायचे आणि उलट दिशेने आकड्यांच्या लहरी करून त्या फोनकडे सोडायच्या, हे त्याचे काम. खाली कुलूपबंद कपाटात बेसबँड युनिट असते. आलेल्या आकड्यांच्या गर्दीतून तुमचा आवाज आणि शेजाऱ्याचा व्हिडिओ वेगळा काढणे, कोणत्या फोनला कोणत्या क्षणी किती जागा द्यायची ते ठरवणे, असले सगळे गणित तिथे होते. दोन्ही यंत्रांना जोडते ती ऑप्टिकल फायबरची दोरी. हे सारे मिळून होते रेडिओ ॲक्सेस नेटवर्क, म्हणजेच रॅन. मोबाइल कंपनीचा यंत्रसामग्रीवरचा मोठा खर्च आणि विजेच्या बिलाचा सर्वांत मोठा हिस्सा याच भागात जातो. २००३मध्ये एरिक्सन, हुआवे, एनईसी, नॉर्टेल आणि सीमेन्स यांनी एकत्र येऊन रेडिओ आणि बेसबँड यांच्यामधल्या फायबरसाठी सीप्री नावाचे सामाईक नियम केले खरे. पण त्यातल्या महत्त्वाच्या जागा प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने भरल्या. त्यामुळे एका कंपनीचा मिक्सर आणि दुसऱ्या कंपनीचे भांडे असा प्रकार झाला: दोन्ही उत्तम, पण एकमेकांवर बसत नाहीत. मिक्सर निदान बदलता तरी येतो. इथे एकदा निवडलेल्या कंपनीची यंत्रे हजारो टॉवरवर चढलेली असतात आणि पुढची प्रत्येक सुधारणा, प्रत्येक सुटा भाग, प्रत्येक सॉफ्टवेअर तिच्याकडूनच घ्यावे लागते.

या बांधिलकीची किंमत हळूहळू वाढत गेली. एके काळी या धंद्यात डझनभर नावे होती. अमेरिकेची ल्यूसंट २००६मध्ये फ्रान्सच्या अल्काटेलमध्ये विलीन झाली. २००७मध्ये सीमेन्सने आपला नेटवर्कचा व्यवसाय नोकियाच्या व्यवसायाशी जोडला. कॅनडाची नॉर्टेल २००९मध्ये दिवाळखोरीत गेली. मोटोरोलाचा नेटवर्क व्यवसाय २०११मध्ये आणि अल्काटेल-ल्यूसंट २०१६मध्ये नोकियाच्या पदरात पडली. आज हुआवे, एरिक्सन, नोकिया, झेडटीई आणि सॅमसंग या पाच कंपन्यांकडे जगातल्या रॅन बाजाराचा नव्वद टक्क्यांहून अधिक हिस्सा आहे. ज्या देशांनी सुरक्षेच्या कारणावरून चिनी कंपन्यांना दूर ठेवले, त्यांच्यासमोर मोठी नावे तीनच उरतात. ब्रिटनने जुलै २०२०मध्ये हुआवेची यंत्रे २०२७ अखेरपर्यंत फाइव्ह-जी नेटवर्कमधून काढून टाकण्याचा आदेश दिला, तेव्हा तिथल्या कंपन्यांना चांगल्या चालत्या टॉवरवरची सामग्री उतरवणे भाग पडले. एकाच पुरवठादारावर विसंबण्यात आणखीही एक धोका असतो. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ब्रिटनमध्ये ओटू या कंपनीच्या ग्राहकांचे व तिच्या नेटवर्कवर चालणाऱ्या इतर सेवांच्या ग्राहकांचे मिळून तीन कोटींहून अधिक मोबाइलचे इंटरनेट बंद पडले. त्याच दिवशी जपानमध्ये सॉफ्टबँकचे ग्राहकही अडकले. तो बिघाड टॉवरवरचा नव्हता, नेटवर्कच्या गाभ्यातला होता. पण एका कंपनीच्या एका चुकीने दोन खंडांतले फोन एकाच दिवशी मुके होऊ शकतात, हे त्याने दाखवून दिले.

यावरचा उपाय म्हणून फेब्रुवारी २०१८मध्ये एटी अँड टी, चायना मोबाइल, डॉइश टेलिकॉम, एनटीटी डोकोमो आणि ऑरेंज या पाच मोबाइल कंपन्यांनी ओ-रॅन अलायन्सची स्थापना केली. ही नावे नीट पाहिली तर लक्षात येते की यात यंत्रे विकणारे कोणी नाही, सगळे विकत घेणारे आहेत. त्यांचे म्हणणे असे की बेसबँड युनिटचे दोन तुकडे करावेत: टॉवरजवळ राहून तातडीचे गणित करणारा एक आणि अनेक टॉवरचा कारभार दुरून पाहणारा दुसरा. रेडिओ आणि हे दोन तुकडे यांच्यामधल्या प्रत्येक जोडणीचे नियम इतक्या तपशिलाने लिहावेत, की तिन्ही भाग तीन वेगळ्या कंपन्यांचे असले तरी नेटवर्क चालावे. हे गणित खास बनवलेल्या बंदिस्त यंत्राऐवजी बाजारात मिळणाऱ्या साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरच्या रूपात चालवता यावे. आणि नेटवर्कवर लक्ष ठेवून ते जुळवून घेणारा एक वेगळा नियंत्रक असावा, ज्यावर तिसऱ्याच कुणाची लहान सॉफ्टवेअर बसवता येतील: एखादे रात्री रिकाम्या टॉवरची वीज वाचवील, एखादे गर्दीतल्या फोनची वाटणी सुधारील. रॅनच्या बंद पेटीत आजवर ज्यांना प्रवेश नव्हता, अशा लहान कंपन्यांना आणि विद्यापीठांना त्यामुळे वाव मिळेल, ही यामागची मोठी आशा.

कल्पना सोपी वाटते. ती अमलात आणणे अवघड का, हे समजायला घड्याळाकडे पाहावे लागते, आणि तेही मायक्रोसेकंदाच्या घड्याळाकडे. फोर-जीमध्ये फोनने पाठवलेला माहितीचा तुकडा नीट पोचला की नाही, हे टॉवरने चौथ्या मिलिसेकंदाला कळवायचे असते. म्हणजे मधले सगळे गणित सुमारे तीन मिलिसेकंदांत उरकले पाहिजे. प्रकाशाला फायबरमधून एक किलोमीटर जायला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. रेडिओ आणि बेसबँड यांच्यामधल्या एकेरी प्रवासासाठी साधारण शंभर मायक्रोसेकंद राखून ठेवले, तर दोघांमधले अंतर फार तर वीस किलोमीटर ठेवता येते. आपल्याकडच्या फाइव्ह-जीच्या मुख्य पट्ट्यात तर बोलणे आणि ऐकणे एकाच लहरीवर आळीपाळीने चालते, म्हणून शेजारच्या टॉवरची घड्याळे प्रमाणवेळेच्या दीड मायक्रोसेकंद अलीकडे-पलीकडे, एवढ्या अचूकतेने जुळलेली असावी लागतात. ती चुकली की एक टॉवर बोलत असताना दुसरा ऐकू लागतो आणि गोंधळ होतो. त्यात चौसष्ट अँटेनांचा मोठा फाइव्ह-जी रेडिओ असेल, तर प्रत्येक अँटेनाचे कच्चे आकडे जसेच्या तसे खाली पाठवायला सेकंदाला दोनशे गिगाबिटहून अधिक क्षमतेची जोडणी लागेल. ते परवडत नाही, म्हणून ओ-रॅनच्या नियमांनी गणिताचा काही भाग रेडिओतच उरकायचे ठरवले. पण गणिताची अशी वाटणी केली की फोनकडून येणाऱ्या लहरींबद्दलची काही माहिती वाटेतच गळते आणि फिरत्या फोनच्या बाबतीत दर्जा घसरतो. या उणिवेवर उतारा देणारे सुधारित नियम २०२३मध्ये मंजूर झाले. बारकाव्यांची ही लढाई आहे, आणि तपशिलात जरा मोकळीक राहिली की दोन कंपन्यांची यंत्रे नियम पाळूनही एकमेकांशी जुळत नाहीत.

मग प्रत्यक्षात काय घडले? सर्वांत गाजलेला प्रयोग जपानच्या राकुतेनचा. ऑनलाइन व्यापारातल्या या कंपनीने एप्रिल २०२०मध्ये पूर्णपणे सॉफ्टवेअरवर चालणारे, अनेक पुरवठादारांच्या सामग्रीचे देशव्यापी नेटवर्क व्यापारी तत्त्वावर सुरू केले. उभारणीचा खर्च चाळीस टक्क्यांनी वाचतो, असा तिचा दावा होता. नेटवर्क चालले, २०२४पर्यंत ग्राहक ८० लाखांवर गेले. पण टॉवर उभारणीचा भार, दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क वापरण्याचे भाडे आणि ग्राहक ओढण्यासाठी ठेवलेले अगदी कमी दर यांमुळे कंपनीने वर्षानुवर्षे प्रचंड तोटा सोसला. अमेरिकेत डिश या कंपनीने असेच कोरे नेटवर्क उभे केले आणि सरकारी अटीप्रमाणे जून २०२३पर्यंत सत्तर टक्के लोकसंख्येपर्यंत नेले. पण कर्ज वाढले, ग्राहक घटले, आणि २०२५मध्ये तिच्या मालक कंपनीने सुमारे २३ अब्ज डॉलरचे स्पेक्ट्रम एटी अँड टीला आणि सुमारे १७ अब्ज डॉलरचे स्पेसएक्सला विकण्याचे करार केले. विरोधक ही दोन उदाहरणे दाखवून ओपन रॅन फसले असे म्हणतात. तो निष्कर्ष घाईचा आहे. दोन्ही ठिकाणी अडचण आली ती भरलेल्या बाजारात नवी कंपनी म्हणून उतरण्याची. तंत्र म्हणून नेटवर्क उभे राहिले आणि चालले. मात्र समर्थकांनाही यातून एक गोष्ट मान्य करावी लागते. यंत्रे स्वस्त मिळाल्याने मोबाइलचा धंदा फायद्यात येतो, ही त्यांची सुरुवातीची जाहिरात खरी ठरलेली नाही.

जास्त बोलकी आहेत ती दुसरी दोन उदाहरणे. जपानचीच एनटीटी डोकोमो ही जुनी, मोठी कंपनी. फोर-जीच्या काळापासूनच वेगवेगळ्या पुरवठादारांची यंत्रे एकमेकांना जोडण्याचा तिला सराव होता. नियम लिहून द्यायचे, यंत्रे प्रयोगशाळेत आणून एकमेकांना जोडायची, कुठे अडते ते स्वतःच्या अभियंत्यांनी शोधायचे. सप्टेंबर २०१९मध्ये तिने फुजित्सू, एनईसी आणि नोकिया यांची यंत्रे ओ-रॅनच्या नियमांनी जोडून दाखवली आणि मार्च २०२०मध्ये फाइव्ह-जी सेवा सुरू केली. याउलट अलायन्सची संस्थापक असलेल्या एटी अँड टीने डिसेंबर २०२३मध्ये पाच वर्षांसाठी सुमारे १४ अब्ज डॉलरचा करार केला तो मुख्यत्वे एकट्या एरिक्सनशी. २०२६ अखेरीस आपली सत्तर टक्के वाहतूक खुल्या जोडणीला तयार असलेल्या यंत्रांवरून जाईल, असे तिने जाहीर केले. फुजित्सूसारख्या कंपनीच्या रेडिओंनाही जागा ठेवली. तरी मुख्य हात एकाचाच. दोघींकडे नियमांचे पुस्तक एकच होते. एकीकडे अनेक पुरवठादार आले, दुसरीकडे प्रामुख्याने एकच आला. हा फरक पडतो तो विकत घेणाऱ्याच्या स्वतःच्या कसबामुळे. जोडणी कशी तपासायची, दोष कुणाचा ते कसे ठरवायचे आणि ऐनवेळी पुरवठादार कसा बदलायचा हे ज्याच्या अभियंत्यांना येते, त्यालाच खुल्या नियमांचा उपयोग होतो. ज्याने हे ज्ञान बाहेरच्याला सोपवले, त्याच्यासाठी खुलेपणा कागदावर राहतो. ओपन रॅनबद्दल मला सांगायचे आहे ते एवढेच, आणि भारतासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

यावर पहिला आक्षेप जबाबदारीचा. पाच कंपन्यांची यंत्रे एकत्र केली आणि रेंज गेली, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. एकच पुरवठादार असला तर निदान मान कुणाची धरायची हे ठाऊक असते. आक्षेपात तथ्य आहे. पण एकाच्या गळ्यात जबाबदारी घालणे आणि एकाच्या हातात सगळे देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूल बांधताना सिमेंट, पोलाद आणि यंत्रे निरनिराळ्या ठिकाणांहून येतात, तरी कंत्राटात जबाबदार कोण ते लिहिलेले असते. इथेही जोडणीची जबाबदारी घेणारी एक कंपनी नेमता येते, फक्त तिच्यावर लक्ष ठेवण्याइतके ज्ञान मोबाइल कंपनीकडे असले पाहिजे. दुसरा आक्षेप खर्चाचा: यंत्रात वाचलेले पैसे जोडणी आणि चाचणीत जातात. सुरुवातीची काही वर्षे ते खरेच जातात. मात्र तो खर्च देशातल्या अभियंत्यांच्या शिकण्यावर होतो आणि पुढच्या खरेदीत घासाघीस करण्याची ताकद देतो. पुरवठादार बदलण्याची खरी धमक असली, तर प्रत्यक्ष बदलण्याची वेळ न येताही किंमत खाली येते.

विजेचा आणि सुरक्षेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोठ्या कंपन्या बेसबँडसाठी खास चिप घडवतात. तेच काम सर्वसाधारण प्रोसेसरवर केले तर वीज जास्त लागते, विशेषतः चौसष्ट अँटेनांच्या रेडिओबरोबर. म्हणून आता सर्व्हरमध्येही या गणितासाठी खास मदतनीस चिप बसवल्या जातात आणि तफावत कमी होत आहे. तोवर शहरातल्या दाट टॉवरवर जुनी पद्धत आणि विरळ वस्तीच्या भागात खुली, असा भेद करणे शहाणपणाचे. सुरक्षेबद्दल जर्मनीच्या माहिती सुरक्षा कार्यालयासाठी २०२१मध्ये झालेल्या अभ्यासाने त्या वेळच्या ओ-रॅन नियमांत बऱ्याच जोखमी दाखवल्या आणि सुरक्षेचा विचार मुळापासून झाला नसल्याचे म्हटले. युरोपीय संघाच्या २०२२च्या अहवालानेही जोडण्या वाढल्या की हल्ल्याच्या वाटा वाढतात, असा इशारा दिला. हे इशारे मनावर घेतलेच पाहिजेत. पण हे दोष बाहेरच्या अभ्यासकांना सापडले ते नियम उघड असल्यामुळेच. बंद पेटीतले दोष नसतात असे नाही, ते आपल्याला दिसत नाहीत. आणि न दिसणारा दोष दुरुस्त करून घेण्याची सोय ग्राहकाकडे नसते.

भारतापुढे हा प्रश्न आज उभा आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२०मध्ये दूरसंचार क्षेत्रासाठी सुरक्षा निर्देश जाहीर केला आणि १५ जून २०२१पासून मोबाइल कंपन्यांना विश्वसनीय ठरवलेल्या स्रोतांकडूनच सामग्री घेण्याचे बंधन आले. दूरसंचार सामग्रीचे उत्पादन देशात वाढावे म्हणून २०२१मध्ये १२ हजार १९५ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजनाही आली. तरी २०२२मध्ये फाइव्ह-जी आले तेव्हा जिओने एरिक्सन आणि नोकिया यांना, एअरटेलने एरिक्सन, नोकिया आणि सॅमसंग यांना कामे दिली. २०२४मध्ये व्होडाफोन आयडियाचे ३.६ अब्ज डॉलरचे कामही याच तिघींकडे गेले. देशात साडेचार लाखांहून अधिक फाइव्ह-जी केंद्रे विलक्षण वेगाने उभी राहिली. घाई होती, आणि हाताशी असलेल्या पक्क्या यंत्रांवर भिस्त ठेवणे समजण्यासारखे आहे. पण जिओ आणि एअरटेल ओ-रॅन अलायन्सच्या सदस्य असूनही खुलेपणा मुख्य खरेदीत उतरला नाही, हेही तितकेच खरे. दुसऱ्या बाजूला बीएसएनएलचा फोर-जी प्रकल्प आहे. त्यात सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने नेटवर्कचा गाभा, तेजस नेटवर्क्सने रेडिओचा भाग आणि टीसीएसने जोडणी सांभाळली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुडा इथून सुमारे ३७ हजार कोटी रुपयांच्या, ९७ हजार ५००हून अधिक टॉवरच्या या जाळ्याचे उद्घाटन झाले. त्याला फार उशीर झाला, बीएसएनएलचे ग्राहक त्यात भरडले गेले, आणि रेडिओचा भाग एकाच कंपनीचा असल्याने त्याला ओपन रॅन म्हणता येणार नाही. पण तीन वेगळ्या संस्थांनी मिळून एवढे मोठे नेटवर्क जोडायचे कसब या देशात कमावले गेले, आणि ते कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचे आहे.

हे कसब टिकवायचे तर तीन गोष्टी कराव्या लागतील. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक टॉवरच्या निविदेत रेडिओ आणि बेसबँड यांच्यामधली जोडणी खुली असण्याची आणि ती दुसऱ्या पुरवठादाराच्या यंत्राशी जोडून दाखवण्याची अट हवी. नुसते ‘खुल्या जोडणीला तयार’ हे शब्द पुरेसे नाहीत. दुसरी गोष्ट तटस्थ प्रयोगशाळांची. सुमारे २२० कोटी रुपयांच्या स्वदेशी फाइव्ह-जी चाचणी केंद्राच्या प्रकल्पात आयआयटी मद्रासच्या नेतृत्वाखाली आठ संस्था होत्या. मुंबईची आयआयटी आणि मुंबईतच मुख्यालय असलेली समीर ही सरकारी संशोधन संस्था या त्यांतल्या दोन. मे २०२२मध्ये उद्घाटन झालेली ही सोय लहान भारतीय कंपन्यांचे रेडिओ मोठ्या कंपन्यांच्या बेसबँडशी वारंवार जोडून तपासण्यासाठी, त्यांना परवडेल अशा दरात, कायम चालू ठेवायला हवी. तिसरी गोष्ट खासगी कंपन्यांसाठी: सुरुवात विरळ वस्तीच्या भागांत करावी. मेळघाट किंवा गडचिरोलीतल्या टॉवरवर गर्दी कमी, रेडिओ साधा, म्हणून ओपन रॅनच्या आजच्या उणिवा तिथे कमी जाणवतील आणि अभियंत्यांचा हात बसेल. अट एवढीच की शहरापेक्षा कमी दर्जाची सेवा त्या गावांच्या गळ्यात मारायची नाही.

सिक्स-जी साधारण २०३०च्या सुमारास येईल आणि त्याचे नियम आत्ताच लिहिले जात आहेत. फाइव्ह-जीच्या वेळी सगळे टॉवर भरून झाल्यावर पुरवठादार बदलण्याची चर्चा फार उशिराची ठरली. या वेळी खरेदीच्या आधी कंपन्यांनी आपापले अभियंते तयार ठेवले, सरकारने निविदांत ठाम अटी घातल्या आणि प्रयोगशाळांनी त्या अटी प्रत्यक्ष तपासून घेतल्या, तर पुढच्या पिढीचा रेडिओ विकत घेताना आपल्यासमोर तीनच नावे नसतील. आणि त्या यादीतली एक-दोन नावे भारतीय असतील, असे मानायला आज सबळ आधार आहे.